चपडीची रेघ

१२ जून

दादा,

हे पत्र तुझ्या मुकादमाच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरचा पत्ता तू आम्हाला दिलेला नाहीस. पाकिटावर माझं नाव लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर तू ते न उघडताच फेकलं असतंस, असं वाटलं. ही लबाडी झाली, ती आधीच सांगून टाकते.

बाबा बरे आहेत. हे वाक्य सवयीनं लिहिलं गेलं. बरे नाहीत. एप्रिलमध्ये दुकानाच्या मागच्या पायरीवरून पडले आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी मनगटाआधी त्यांचं तोंड हुंगलं. मी म्हटलं, "फर्निचरला पॉलिश करतात ते. त्याची चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवावी लागते, तो वास कपड्यांना असतो." ते म्हणाले, "सगळे असंच काहीतरी सांगतात." पण प्लास्टर घालून झाल्यावर बाबा चप्पल घालायला लागले, ते डॉक्टर बघत राहिले. पाय चपलेच्या अलीकडे पडायचा, मग पलीकडे. चार-पाच वेळा तसं झाल्यावर डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून आम्हाला दुसऱ्या मजल्यावर, मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथे एक बाई होत्या, तुझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी बाबांना बोट आपल्या नाकाला आणि मग त्यांच्या बोटाला लावायला सांगितलं. बोट लांब असताना ठीक होतं, जवळ आलं की थरथरायला लागायचं आणि चुकायचं. मग झोपवून एका पायाची टाच दुसऱ्या नडगीवरून खाली घसरवायला सांगितली. शेवटी फरशीवर चिकटवलेल्या एका पट्टीकडे बोट करून म्हणाल्या, "आता या रेषेवर चाला बघू. एका पावलाला दुसरं लावून."

बाबा हललेच नाहीत. मग म्हणाले, "बाई, ही परीक्षा मी आधी एकदा दिलीय. नापास झालो होतो."

"कुठल्या डॉक्टरांनी घेतली होती?"

"घरच्याच."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर ते चालले. चार पावलं. पाचव्याला मी कोपर धरलं.

दादा, ते पीत नव्हते. मेंदूच्या मागे, खाली, एक लहान मेंदू असतो. हात किती पुढे न्यायचा, पाय कुठे टाकायचा, जीभ कशी वळवायची, हे तो जमवतो. बाबांचा तो हळूहळू झिजतो आहे. बऱ्याच वर्षांपासून. त्या आजाराला अटॅक्सिया म्हणतात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला वाटायचं मला एकच मेंदू आहे, आणि तोही जेमतेम. दोन निघाले म्हणायचे." डॉक्टर बाई हसल्या. मला हसू आलं नाही, पण मी हसले.

औषध नाही. व्यायाम आहे, गिळण्याची काळजी आहे, पडण्यापासून जपायचं आहे. जीभ जड होत चालली आहे. बाहेरच्या माणसाला त्यांचं बोलणं आणखी वर्षभर तरी कळेल, पुढचं सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या.

म्हणून लिहिते आहे. या वर्षात ये. फोन नको. दोन वर्षांपूर्वी त्यांनी फोन केला होता आणि तू त्यांचा जड आवाज ऐकून ठेवून दिलास. तेव्हाही पिणं नव्हतं, हेच होतं.

पॉलिशचं काम आता मी करते. बाबा खुर्चीवर बसून बघतात आणि चुका काढतात. आजाराबद्दल अजून थोडं सांगायचं राहिलं आहे, पण ते तितकं महत्त्वाचं नाही.

तुझी,
फूटपट्टी


३० जून

दादा,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. तुझं पत्र आलं याचाच इतका आनंद झाला की आधी नुसतंच हातात धरून बसले. मग वाचलं.

तू लिहितोस, "बाटली सुटली असेल तर आनंद आहे. आजाराचं नाव चांगलं शोधलंत. पण डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं मानू? मी नाही, तूच पाहिलं होतंस. तूच सांगितलंस."

हो. तेच मला लिहायचं होतं आणि पहिल्या पत्रात धीर झाला नाही.

तो दिवस तुला माझ्याइतकाच आठवत असेल. मुख्याध्यापिका बाई कपाट न्यायला दोन हमाल घेऊन आल्या होत्या. बाबा डबा उचलायला वळले, तोल गेला आणि पॉलिश कपाटाच्या दारावर सांडलं. सहा दिवसांचं काम होतं ते. बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अहो, सकाळी सकाळीच?" आणि हमाल हसले. तू मला कोपऱ्यात घेऊन विचारलंस, "फूटपट्टी, तू खोटं बोलत नाहीस. पाहिलंस का कधी?" मी म्हटलं, "हो. काल. बाटल्यांच्या फळीमागे उभे होते. बाटली तोंडाला लावली होती."

मग तू ब्रश चपडीत बुडवलास. मापाची मोठी पट्टी फरशीवर ठेवलीस, दुसरं टोक मला धरायला सांगितलंस, आणि दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रेघ ओढलीस. "चाला यावरून," म्हणालास. "या सगळ्यांसमोर चालून दाखवा." बाबा चालले. तिसऱ्या पावलाला बाजूला गेले, सहाव्याला टेबलावर आपटले. तू त्याच दिवशी घर सोडलंस. मी चौदा वर्षांची होते आणि मला वाटत होतं, मी खरं बोलले.

मी खरंच बोलले होते. बाटली तोंडाला लागलेली होती. मी पाहिलं तेवढंच सांगितलं, एक शब्दही वाढवला नाही.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलात व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं बाबांना विचारलं, "काका, घरी डब्यांची झाकणं, बुचं कशी काढता?" बाबा म्हणाले, "दातांनी. आठ-दहा वर्षं झाली. बोटांत पकड राहत नाही."

घरी आल्यावर मी फळीवरच्या सगळ्या बाटल्यांची बुचं उपसून पाहिली. जुन्या, रिकाम्या बाटल्यांचीसुद्धा. प्रत्येकावर दातांच्या खुणा आहेत, एकाच जागी, डाव्या सुळ्याच्या.

मी तेव्हा फळीमागे जाऊन विचारलं असतं, "बाबा, काय करताय?" तर ते म्हणाले असते, "बूच निघत नाहीये, तू काढ." एवढंच झालं असतं. मी विचारलं नाही, कारण मला लाज वाटली. आणि तू विचारल्यावर मला फार महत्त्व आल्यासारखं वाटलं, हेही खरं आहे. तू मला कधी काही विचारत नसायचास.

मी बाबांना विचारलं की तुम्ही त्या दिवशी काही बोलला का नाहीत. ते म्हणाले, "मलाच वाटलं, असेल. दिवसभर त्या वासात बसतो, अंगात भिनत असेल. न पिता चढत असेल." दादा, ते दर अर्ध्या तासानं बाहेर जाऊन उभे राहायचे, आठवतं? तुला वाटायचं प्यायला जातात. ते उतरवायला जात होते.

हे सगळं त्यांना तुझ्याबद्दल राग आहे म्हणून लिहीत नाही. त्यांना नाही. मला थोडा आहे, पण तो जास्त करून माझ्यावरच आहे. चूक माझ्या नावावर टाक आणि ये. एवढं तुला करता येईल.

तुझं पाकीट पोस्टमननं बाबांच्या हातात दिलं होतं. ते बघून बाबा काहीतरी म्हणाले. ते पुन्हा केव्हातरी लिहीन.

तुझी,
फूटपट्टी


१६ जुलै

दादा,

तुझं दुसरं पत्र आजच मिळालं. मोठं उत्तर लिहिते आहे, त्याला दोन-चार दिवस लागतील. तोवर एक कर. काचा बसवायला इमारतीबाहेर टांगलेल्या त्या पाळण्यावर चढू नकोस. कारण विचारू नकोस. मुकादमाला पोट दुखतंय म्हणून सांग, पाठ धरलीय म्हणून सांग, काहीही खोटं सांग.

फू.


२० जुलै

दादा,

चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं. यात काही चुकलं तर खोडीन, पण फाडणार नाही.

तू लिहिलंस, "बापाचं नाव माझ्यामागे इथवर आलंय. परवा मुकादमानं माझं तोंड हुंगलं. चौदाव्या मजल्यावर पाळण्यात उभा होतो, स्क्रू भोकात बसेना. म्हणाला, सकाळी सकाळीच का? मी चहाशिवाय कशाला शिवत नाही, तुला माहीत आहे. आता त्याला काय सांगू, की आमचं खानदानच तसं?"

तू ते चिडून, हसण्यावारी नेऊन लिहिलंयस. मी ते उभ्यानं वाचत होते. मग पॉलिशच्या बाकावर बसले.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की थोडं सांगायचं राहिलं, पण महत्त्वाचं नाही. ते खोटं होतं. मी आयुष्यात ठरवून लिहिलेलं पहिलं खोटं ते असेल. डॉक्टर बाईंनी बाबांना विचारलं होतं, "तुमचे वडील?"

"प्यायचे," बाबा म्हणाले. "जिन्यावरून पडून गेले."

"तुम्ही त्यांना पिताना पाहिलंत?"

बाबा मनगटावरच्या प्लास्टरकडे बघायला लागले. मग म्हणाले, "नाही."

"मग कुणी सांगितलं?"

"सगळे म्हणायचे. झुलत चालायचे ना. मीही म्हणायचो. त्यांना दोन वर्षं दुकानात पाऊल ठेवू दिलं नाही मी."

हा आजार बापाकडून येतो, दादा. आईकडूनही येतो, पण आपल्याकडे बापाकडून आला. प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. नाणं उडवावं तशी, बाई म्हणाल्या. एकाला काय पडलं यावरून दुसऱ्याचं ठरत नाही. पुढच्या पिढीत कधीकधी लवकर सुरू होतो. रक्ताच्या तपासणीत कळतं. तपासणी करायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवायचं. कित्येक लोक करत नाहीत, तेही बरोबरच असतं, असं त्या दोनदा म्हणाल्या. म्हणून मी गप्प होते. तुला नको असलेली गोष्ट तुझ्या हातात कोंबायचा मला काय हक्क, असं वाटत होतं. तू जमिनीवर काम करत असतास तर अजूनही गप्प बसले असते कदाचित.

आता पाकिटाचं. तुझं पहिलं पाकीट बाबांनी हातात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं, आणि मला हाक मारून विचारलं, "अगं, हे मी कधी लिहिलं?"

मी म्हटलं, "तुम्ही नाही, दादाचं आहे." त्यांनी पाकीट पुन्हा एकदा जवळ नेऊन बघितलं आणि माझ्या हातात दिलं.

आई गेल्यावर दहाव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबा वाचायला शिकवायचे आणि तू लिहायला. घासून गुळगुळीत केलेल्या फळीवर खडूनं तू ओळ काढायचास आणि मी तिच्याखाली तश्शीच काढायची. तुझं अक्षर मी हजार वेळा गिरवलंय. ते मला माझ्या स्वतःच्या अक्षरापेक्षा जास्त ओळखू येतं. सरळ, बारीक, एकसारखं होतं. बाबा म्हणायचे, "याचं अक्षर बघून कागदसुद्धा नीट बसतो." पाकिटावरचं अक्षर मोठं आहे. शब्द वर चढतात आणि उतरतात. रेघ थांबायला हवी त्याच्या पुढे जाते. दुसऱ्या पत्रात तू एका जागी इतकं दाबून लिहिलंयस की कागद फाटलाय. ते रागानं झालं असेल. मी रोज स्वतःला सांगते की रागानं झालं असेल.

मी डॉक्टर नाही. मी एकदा बाटली पाहून निकाल दिला होता, त्याचं काय झालं ते आपण बघतो आहोत. म्हणून या वेळी निकाल देत नाही, विचारते आहे. दादा, काय होतंय तुला? स्क्रू बसेना म्हणजे कसं? जिना उतरताना कठडा धरावा लागतो का? चहाचा ठसका लागतो का? की मी उगीचच घाबरले आहे? तसं असेल तर पुढच्या पत्रात मला हवं तेवढं हास. मी ते पत्र फ्रेम करून लावीन.

माझंही सांगते, नाहीतर हे एकतर्फी होईल. रोज सकाळी दुकान उघडलं की मी दाराला पाठ लावून बोट नाकाला लावून बघते. दहा वेळा उजवं, दहा वेळा डावं. मग तुझ्या रेघेवरून चालते. हो, ती रेघ अजून आहे. मधे मधे झिजलीय, धूळ बसून काळी पडलीय, पण आहे. स्पिरिटचा बोळा फिरवला असता तर तेव्हाच गेली असती. बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही. ते स्वतः तिच्यावर पाय देत नाहीत, वळसा घालून जातात. मी आजवर एकदाही तिच्यावरून बाजूला गेलेले नाही. पण गेल्या आठवड्यात पॉलिश लावायची कापडाची पुरचुंडी लाकडावर टेकून राहिली आणि डाग पडला. तुला माहीत आहे, पुरचुंडी फिरत असतानाच टेकवायची आणि फिरत असतानाच उचलायची. थांबली की चिकटलीच. बाबा खुर्चीवरून म्हणाले, "लक्ष कुठाय?" मी म्हटलं, "तुमच्याकडे." ते खरं होतं. तरी त्या दिवशी मी जेवले नाही.

बाईंना मी दोघांसाठी विचारून ठेवलंय. त्या म्हणाल्या, आधी नुसतं येऊन बोला, रक्ताचं मग बघू. तू आल्याशिवाय मी जाणार नाही. आधी माझं कळलं आणि ते चांगलं निघालं, तर तुझ्यासमोर कोणत्या तोंडानं उभी राहू? आणि वाईट निघालं तर तू माझी समजूत घालायला येशील, आणि स्वतःचं विसरशील. हे सगळं उलटंसुलटं आहे, मला कळतं.

तू नाही आलास तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण तू नाही आलास तरी त्या पाळण्यावरून उतर. एवढी एकच गोष्ट मागते आहे. बाकी सगळं, तो दिवस, ती रेघ, फोन, त्याचा हिशोब कुणी मागत नाही इथे.

तुझी,
फूटपट्टी


९ ऑगस्ट

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "पाळण्यावरून उतरलो. मुकादमाला खरं तेच सांगितलं. १८ ला दुपारी पोहोचतो. जिन्याचा कठडा दोन वर्षं धरतोय. रेघ पुसू नकोस, मला बघायची आहे."

कार्ड मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग स्वतः हातात घेऊन अक्षर बघत बसले. डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले. हल्ली रुमाल डोळ्यापर्यंत नेईतो कानाला लागतो, म्हणून ते त्या भानगडीत पडत नाहीत.

म्हणाले, "दोन वर्षं? मग फोन ठेवला तेव्हा त्याला सुरू झालं असेल."

मी म्हटलं, "अजून काही ठरलेलं नाही, बाबा. बाई बघतील, मग कळेल."

"हो," ते म्हणाले. "तू म्हणतेस तसं." मग कार्ड मांडीवर ठेवून, "मी माझ्या बापाला दुकानात येऊ दिलं नव्हतं. हा तर नुसती रेघ ओढून गेला."

तू पुसू नकोस म्हणालास, पण रेघ पुसली गेली. मी नाही पुसली, त्यामुळे माझ्यावर चिडू नकोस. काल दुपारी मी टेबलाचा पाय घासत होते, तर मागे धप्प आवाज झाला. बाबा खुर्चीतून खाली बसले होते. पडले नव्हते, बसले होते. मला म्हणाले, "स्पिरिट दे. आणि बोळा."

"मी करते."

"तू तुझं कर."

मी बूच काढून बाटली दिली. जुनी चपडी सहज सुटत नाही, मऊ व्हायला वेळ लागतो. ते भिंतीपासून सुरू झाले आणि बसल्या बसल्या सरकत गेले. हात रेघेवर जायचा, पलीकडे जायचा, परत यायचा, अलीकडे यायचा. नेमका रेघेवर कधीच थांबत नव्हता. पण पुसायला नेमकं थांबावं लागत नाही, दादा. दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत ते दुसऱ्या भिंतीला पोहोचले. एका बोटाच्या रुंदीची रेघ होती, तिथे आता हातभर रुंद स्वच्छ पट्टा झालाय. बाकी फरशी त्याच्यापुढे फारच कळकट दिसायला लागली आहे. ती मला घासावी लागणार, आणि तू यायच्या आत होणार नाही. मी फार थकले आहे. हे तक्रार म्हणून नाही, तू आलास की मी कदाचित दिवसभर झोपेन, तेव्हा घाबरू नकोस म्हणून सांगितलं.

अजून एक. व्यायामवाल्या मुलीनं मागच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात भिंतीला लाकडी कठडा लावायला सांगितला होता. एकाच बाजूला पुरे, म्हणाली. मी सागाचा दांडा आणला, घासला, पाच हात पॉलिश दिलं. एकही डाग नाही, बाबांनी बोटानं चाचपून पाहिलंय. आज सकाळी सुतार तो बसवून निघाला होता, तर बाबा म्हणाले, "समोरच्या भिंतीलाही लाव."

सुतार म्हणाला, "काका, बोळ अरुंद आहे. एक माणूस जेमतेम जातो. दुसऱ्या बाजूला कशाला?"

बाबांची जीभ कालच्या श्रमानं जड झाली होती. त्याला कळेना, म्हणून त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी सांगितलं.

"समोरून दुसरा आला तर त्यानं काय धरायचं?"

दुसरा दांडा बाकावर वाळतो आहे. १८ पर्यंत बसेल. दाराला कडी नसते, ढकलून ये.

तुझी,
फूटपट्टी